तेल पाजायचं असतं

उलटी कर आधी. हो, सायकल.
सीटवर आणि हँडलवर उभी राहू दे, चाकं आभाळाकडे.
आणि तो नारळतेलाचा डबा घरी ने, अबिलियो,
तो तुझ्या आईच्या केसांना शोभतो.
साखळीवर ते आठ दिवसांत चिकट होतं,
मग केलिमानेच्या रस्त्यांवरची सगळी धूळ
पाहुणी म्हणून येते
आणि जातच नाही.

ट्रकचं काळं तेल तर मुळीच नको.
फुकट मिळतं, ठाऊक आहे मला.
त्यात कुणाच्या तरी इंजिनाची झीज तरंगत असते.
दुसऱ्याची झीज फुकट मिळाली म्हणून
आपल्या अंगाला लावून घ्यायची का?

हा ब्रश धर. दात घासायचाच आहे, माझाच होता.
रॉकेलमध्ये बुडव, कडी न् कडी घास,
मग जुन्या कापुलानाच्या फडक्यातून साखळी ओढत राहा
फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत.
थांबत नाही ते. पण तू थांबशील,
तेव्हा मी म्हणेन, अजून थोडं.

आता वाळू दे.
गिऱ्हाईक उभं आहे? उभं राहू दे.
ओल्या रॉकेलवर तेल म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.
तोवर ही पट्टी घे.
पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत
बारा इंचांत बरोबर बारा जोड्या बसायला हव्यात.
अर्धा सूत जास्त भरली, तर साखळी बदल.
पुरा सूत भरली, तर दात्यांनाही तिची सवय लागलेली असते,
नव्या साखळीला ते नांदू देत नाहीत.
तुझी पाव सूत. वाचलास.

एका रोलरला एक थेंब.
थेंब म्हटलं मी, धार नव्हे.
तेलाचं काम आत, पिन आणि रोलरमधल्या अंधारात;
बाहेर चमकतं ते फक्त धूळ बोलावतं.
पाजायचं असतं, माखायचं नसतं.
म्हणून आता पूस.
होय, आत्ताच घातलेलं. पूस.

आणि जोडकडीचा हा चिमटा बघ,
हुबेहूब मासा की नाही?
बंद तोंड पुढे, उघडी शेपटी मागे.
साखळी जिकडे धावते तिकडे मासा पोहला पाहिजे.
तू उलटा बसवला होतास.
मागे कॅरिअरवर दोन पोरं आणि तांदळाचं पोतं असताना
कुठल्याशा चढावर त्यानं तुला सोडून दिलं असतं.

*

परवा तो परत आला, तणतणत.
मेश्त्रा, माझी कुरकुर परत दे.
पहाटे चारला दोना फेलिश्मिना मासळीबाजाराला निघतात,
चार वर्षं माझ्या साखळीचा आवाज ऐकून
टोपली घेऊन दारात येतात.
काल मी गेलो, थांबलो, उजाडलं.
त्या आत बसून माझी वाट बघत होत्या,
मी बाहेर त्यांची.

मी हसले नाही. या वस्तीला सात वर्षं लागली
बाईला मेश्त्रा म्हणायला, ते हसून घालवायचं नाही.
म्हटलं, लोखंड लोखंडाला खातं त्याचा आवाज तो,
तो कुणाला निरोप म्हणून पाठवू नये.
भंगारातली घंटी काढून दिली, पैसे घेतले नाहीत.
घंटी तर सगळ्यांचीच वाजते, तो म्हणाला.
खरं होतं. मला उत्तर सुचलं नाही.

मग त्यानं पेडल फिरवलं, नुसतंच, रागानं.
साखळी गप्प,
आणि त्या गप्पपणात, पेडलच्या आसातून,
टक्.
एका फेरीला एकदा. टक्.
कधीपासून आहे हे?
माहीत नाही. आधी ऐकूच येत नव्हतं.
छर्रा फुटलाय, मी म्हटलं, आणि पाना उचलला.

त्यानं माझा हात धरला.
उद्याची पहाट राहू दे, मेश्त्रा.
यावर येतात का बघतो.

एकच पहाट, मी म्हटलं.
आणि डब्यातून छर्रे मोजून वेगळे ठेवले.
एका बाजूला अकरा लागतात.